बाहुलीघराच्या विटा खऱ्या वाटायला हव्यात?

विटांची भिंत नकली दिसते, याचं पहिलं कारण माप. बाहुलीघरं बहुधा १:१२ प्रमाणात असतात. आजची ब्रिटिश वीट २१५ मिमी लांब, ६५ मिमी उंच. म्हणजे आपली साधारण १८ × ५.५ मिमी. सांधा एक मिलिमीटरहूनही कमी!

छापील विटांचा कागद मला कधीच पटला नाही. बाजूने उजेड पडला की सपाटपणा उघडा पडतो. त्यापेक्षा अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या. त्याचा खरबरीत पोत भाजलेल्या विटेच्या फार जवळ जातो. सपाट भागाचे तुकडे कापून फेव्हिकॉलने चिकटवा.

घर जॉर्जियन धाटणीचं असेल तर रचना फ्लेमिश बाँडची: प्रत्येक थरात आलटूनपालटून एक लांब वीट, एक आखूड, आखूड वीट खालच्या लांब विटेच्या बरोबर मध्यावर. वेळखाऊ आहे, पण इथे आळस नको. खिडकीवर उभ्या विटांची कमान हवीच.

रंग एकच लाल नको. विटकरीत मधूनच जांभळट, करपट विटा येऊ द्या. मग मॅट वॉर्निश मारा, नाहीतर पुठ्ठा पाणी पितो. ते वाळल्यावर सांध्यांत करडी पुट्टी दाबा आणि वरची ओलसर फडक्याने पुसा.

तुमच्या भिंतींचे फोटो टाका, कोपऱ्यांचे तर नक्कीच!