मिनिटाला एकोणीस लाख

नांदेड शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाख भरली, लातूर शहराची पावणेचार लाखांच्या थोडी वर. दोन्ही जिल्ह्यांतली गावं, वाड्या, तांडे सगळं धरलं तर बेरीज होते ५८ लाख. आता ज्याच्या मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली आहे, अशा माणसाचा हिशेब घ्या. त्याच्या मेंदूतल्या पेशी सरासरी मिनिटाला १९ लाख या वेगाने मरतात. सेकंदाला ३२ हजार. लातूर शहराच्या लोकसंख्येएवढ्या पेशी बारा सेकंदांत जातात, नांदेड शहराएवढ्या सतरा सेकंदांत आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्या माणसांएवढ्या तीन मिनिटांत. तीन मिनिटांत आपल्या घरात काय होतं? ‘अहो, असं काय करायलात’ हे चार वेळा विचारून होतं, पाण्याचा तांब्या येतो, शेजारचे दारात जमतात आणि कुणीतरी म्हणतं, ‘बीपी वाढला असंल, जरा पडू द्या.’

हा हिशेब जेफ्री सेव्हर या अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञाने २००६ साली मांडला. लकव्यात वेळ दवडू नका, हे डॉक्टर आधीपासून सांगत होतेच. वेळ दवडला तर नेमकं किती जातं, ते सेव्हरने मोजायला घेतलं. मोठी रक्तवाहिनी बंद पडून उपचाराविना राहिलेल्या पेशंटच्या मेंदूचा मेलेला भाग सरासरी ५४ मिलिलिटर भरतो. टपरीवरचा अर्धा चहा साधारण तेवढाच. एवढा भाग मरायला सरासरी दहा तास लागतात. तेवढ्या जागेत पेशी किती, त्यांच्या आपसांतल्या जोडण्या किती, निरोप नेणारे तंतू किती लांबीचे, हे माहीत असलं की पुढचं काम भागाकाराचं. उत्तर आलं ते असं: १२० कोटी पेशी, ८.३ लाख कोटी जोडण्या आणि ७,१४० किलोमीटर तंतू. लातूरहून मुंबई साधारण पाचशे किलोमीटर धरली, तर सात वेळा जाऊन सात वेळा परत यायचं अंतर, अर्ध्या चहाएवढ्या जागेत गुंडाळलेलं. मिनिटाचा वाटा काढला तर जोडण्या १,४०० कोटी. पृथ्वीवर माणसं आहेत आठशे कोटींच्या वर.

इथे एखादा हिशेबी वाचक थांबवेल. मेंदूत एकूण पेशी ८,६०० कोटी आहेत. ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हौझेल यांनी २००९ मध्ये त्या मोजून दाखवल्या. मग १२० कोटी गेल्या तरी शंभरातली दीडसुद्धा नाही, एवढा आरडाओरडा कशाला? आक्षेप रास्त आहे. पण त्या ८,६०० कोटींतल्या ६,९०० कोटी मागच्या बाजूच्या लहान मेंदूत दाटीवाटीने बसलेल्या आहेत. ज्याला आपण मोठा मेंदू म्हणतो, त्याच्या बाहेरच्या थरात, म्हणजे जिथून बोलणं येतं आणि उजवा हात उचलायचा हुकूम सुटतो, तिथे आहेत फक्त १,६०० कोटी. आणि गुठळी सगळ्या मेंदूतून थोडं थोडं उचलत नाही. एकाच नळीचं पाणी तोडते आणि त्या नळीखालचं सगळं शिवार एकदम वाळतं. शेकडा दीड टक्का गेला आणि त्यात नेमकं बोलणं गेलं, तर उरलेल्या साडेअठ्ठ्याण्णव टक्क्यांचं कौतुक घरच्यांना कसं सांगायचं?

मिनिटाला १९ लाख ही सरासरी आहे, हेही ध्यानात ठेवावं. २०१९ मध्ये याच गणिताची फेरतपासणी झाली, तेव्हा पेशंटगणिक फरक अफाट निघाला: कुणाच्या पेशी मिनिटाला ३५ हजारांहूनही कमी मरत होत्या, तर कुणाच्या २ कोटी ७० लाखांहून जास्त. आजूबाजूच्या छोट्या वाहिन्या आडवाटेने किती रक्त पोहोचवतात, यावर ते ठरतं. आपला माणूस पस्तीस हजारवाला आहे की पावणेतीन कोटीवाला, हे घराच्या ओसरीवर बसून कुणालाच कळत नाही.

मेंदूला एवढी घाई का? तो साठा करत नाही. वजन जेमतेम चौदाशे ग्रॅम, म्हणजे शरीराच्या दोन टक्के. पण शरीराच्या प्राणवायूतला पाचवा हिस्सा तो एकटा संपवतो. त्यासाठी दर मिनिटाला पाऊण लिटर रक्त डोक्यात चढतं, दिवसाला हजार लिटरच्या वर. लातूरकरांना पाण्याची रेल्वे आठवत असेल. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून ‘जलदूत’ आली, आधी दहा वाघिणी, नंतर पन्नास. पन्नास वाघिणींच्या एका खेपेत २५ लाख लिटर पाणी. एका माणसाच्या डोक्यातून तेवढं रक्त फिरायला सहा वर्षं लागतात. हे वाहणं एका भागात निम्म्याहून खाली आलं की तिथल्या पेशी गप्प होतात: हात पडतो, जीभ अडखळते. पण गप्प झालेली पेशी लगेच मेलेली नसते. पुरवठा पाचव्या हिश्श्याखाली गेला की मात्र ती मरू लागते. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात कोट्यवधी पेशी तग धरून असतात. सगळी धावपळ चालते ती या पट्ट्यासाठी. तो वाचला तर पडलेला हात पुन्हा उचलतो.

आता रस्त्यावर या. रुग्णवाहिका ताशी साठच्या वेगाने निघाली तर मिनिटाला एक किलोमीटर कापते. त्याच मिनिटात पेशंटच्या डोक्यातले १२ किलोमीटर तंतू जातात. किनवटहून नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. माहूरही तसंच दूर. भोकर-हिमायतनगरचा रस्ता, गाडी मिळायचा वेळ, मधले थांबे धरून तीन तास समजा. तीन तासांत ३६ कोटी पेशी आणि २,१०० किलोमीटरच्या वर तंतू. सेव्हरनेच आणखी एक माप दिलं आहे: उपचाराविना गेलेला एक तास मेंदूला ३.६ वर्षांनी म्हातारं करतो. म्हणजे किनवटला पन्नाशीत गाडीत बसलेला माणूस नांदेडला उतरताना मेंदूपुरता साठीच्या पलीकडे पोहोचलेला असतो. किनवटकरांना आदिलाबाद नांदेडपेक्षा कितीतरी जवळ, तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. अशा वेळी राज्याची हद्द बघत बसू नये, एवढं तरी त्या भागातल्या घरांनी आधीच ठरवून ठेवावं.

राज्यात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली सुरू झाली ती ९३७ रुग्णवाहिकांवर. महाराष्ट्राच्या ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरला भागा: एका गाडीच्या वाट्याला सव्वातीनशे चौरस किलोमीटर आणि सव्वा लाखाच्या आसपास माणसं. गाड्या वाढोत, रस्ते रुंद होवोत. पण किनवट नांदेडच्या जवळ सरकणार नाही. कमी करता येण्यासारखा वेळ आहे तो गाडी दारात यायच्या आधीचा.

माणसं किती, याचा आकडा सांगायचा तर आधी एक भांडण मिटवावं लागतं. वर्तमानपत्रांत नेहमी छापून येतं की भारतात वर्षाला १ लाख ८५ हजार जणांना पक्षाघात होतो, म्हणजे दर ४० सेकंदांना एकाला, आणि दर चार मिनिटांना एक मृत्यू. बातमी देणाऱ्याने कॅल्क्युलेटर काढलेला नसतो. वर्षात तीन कोटी पंधरा लाख सेकंद असतात. दर चाळीस सेकंदांना एक म्हटलं तर वर्षाचे होतात पावणेआठ लाखांहून जास्त. एकाच वाक्यातले दोन आकडे चौपटीने फटकून आहेत. जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज या दोन्हींच्या वर जातो: भारतात वर्षाला साडेबारा लाखांच्या आसपास नवे पक्षाघात, म्हणजे दर २५ सेकंदांना एक, आणि २०१९ या एका वर्षात सुमारे सात लाख मृत्यू. दिवसाला एकोणीसशे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली. देशात पक्षाघाताने तेवढी पाच-सव्वापाच दिवसांत जातात. किल्लारीचं नाव तीस वर्षांनंतरही निघतं. हे मृत्यू एकेका घरात सुटे सुटे होतात, त्यांची बातमी होत नाही.

देशाचा हाच अंदाज लोकसंख्येच्या प्रमाणात नांदेड-लातूरला लावला तर वर्षाला सहा हजार, दिवसाला सोळा. ढोबळ गणित आहे, पण दर दीड तासाला या दोन जिल्ह्यांत कुणाच्या तरी अंगावरून वारं जातं, असं समजायला हरकत नाही.

ते ओळखायचं कसं? चहा पिताना ओठाच्या एका कडेने ओघळ येतो. हातातला घास ताटाबाहेर पडतो. चालताना एका पायातली चप्पल निसटते आणि माणूस तसाच पुढे जातो, त्याला पत्ताच नसतो. बोलणं बोबडं होतं किंवा शब्द स्पष्ट पण भलतेच येतात. एका डोळ्यापुढे अंधार, एकाएकी तोल जाणं, कधी नव्हे एवढं डोकं दुखणं. सगळ्यांत खुणेचा शब्द ‘एकाएकी’. शंका आली की दात दाखवायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातं का बघा. डोळे मिटून दोन्ही हात तळवे वर करून समोर धरायला लावा आणि दहा आकडे मोजा. एक हात हळूहळू खाली येतो, तळवा आत वळतो. स्वतःचं नाव-गाव सांगायला लावा. यातलं एक जरी बिघडलं तरी गाडी बोलवायची. सगळं मिळून अर्धं मिनिट, खर्च साडेनऊ लाख पेशी. याहून स्वस्त तपासणी नाही.

दुखत नाही, हीच यातली फसवणूक. छातीत कळ आली की माणूस ओरडतो, घर हलतं. हात पडला तर तो म्हणतो, ‘अंगाखाली आला असंल, मुंग्या आल्यात.’

लकव्यासारखं दिसणारं सगळंच लकवा नसतं, हेही खरं. बीड जिल्ह्यातले आमदार धनंजय मुंडे यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये मंत्री असताना आपल्याला बेल्स पाल्सी झाल्याचं स्वतःच जाहीर केलं होतं. त्यात चेहऱ्याची नसच सुजते, तोंड वाकडं होतं, पण हातापायाला काही होत नाही. बेल्स पाल्सीत त्या बाजूच्या कपाळाला आठीही घालता येत नाही. मेंदूच्या झटक्यात बहुधा कपाळ शाबूत राहतं. रक्तातली साखर एकदम उतरली तरी हुबेहूब असंच दिसतं, म्हणून दवाखान्यात आधी बोट टोचून शुगर बघतात. हा निवाडा डॉक्टरांनी करायचा. घरच्यांनी कपाळाच्या आठ्यांवरून निकाल लावून घरी बसायचं नाही.

घरी जे होतं, त्याची यादी करायला गेलो तर पान पुरायचं नाही. कबुतराच्या रक्ताची मालिश आजही सांगतात. लिंबूपाणी, साखरपाणी पाजतात. गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले असले तर ते थेट फुप्फुसात. बीपीची गोळी जिभेखाली देतात. दाब एकदम उतरला की मधल्या पट्ट्यात तग धरलेल्या पेशींचा उरलासुरला पुरवठाही तुटतो. ॲस्पिरिन देतात, हृदयविकारात ऐकलेलं असतं म्हणून. जगभरात दर दहा पक्षाघातांतले सहा-साडेसहा गुठळीचे असतात आणि बाकीचे रक्तस्रावाचे. रक्तस्रावात तीच गोळी घातक, आणि यातलं कोणतं आहे ते सीटी स्कॅनशिवाय मोठ्या डॉक्टरलाही सांगता येत नाही.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायची मुदत साडेचार तासांची. आधी तीनच होती, अमेरिकेत १९९५ साली झालेल्या चाचणीवरून. २००८ च्या युरोपातल्या चाचणीनंतर ती वाढली. काही निवडक पेशंटांत नळी घालून गुठळी ओढून काढता येते, त्याला चोवीस तासांपर्यंत वाव असतो. पण साडेचार तास आहेत म्हणून चौथ्या तासाला पोहोचलं तर चालेल, असं नाही. पहिल्या दीड तासात इंजेक्शन मिळालेल्या चार-पाच जणांमागे एकाचं अपंगत्व टळतं किंवा घटतं. तिसऱ्या तासानंतर तेवढाच फायदा व्हायला चौदा जणांना द्यावं लागतं. आणि घड्याळ सुरू होतं ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथून. रात्री दहाला जेवून झोपलेला माणूस पहाटे पाचला वाकड्या तोंडाने सापडला, तर हिशेबात सात तास गेलेले असतात. म्हणून दवाखान्यात पहिला प्रश्न येतो, ‘शेवटचं नीट कधी बोलले?’ याचं उत्तर वेळेसकट माहीत असलेल्या माणसानेच सोबत जावं. बाकी गाडीभर नातलग नसले तरी चालतात.

नांदेडहून गाडी हैदराबादकडे आणि लातूरहून सोलापूरकडे वळवायची आपल्याकडे रीत आहे, मोठा दवाखाना म्हणून. हैदराबाद पावणेतीनशे किलोमीटर, मुदत रस्त्यातच संपते. नाव मोठं असण्यापेक्षा सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन जवळ कुठे मिळतं, हे महत्त्वाचं, आणि ते आज, घरात सगळे ठीक असताना विचारून ठेवता येतं. फोन करून ‘लकव्याचा पेशंट आणतोय, अमुक वाजता झालं’ एवढं कळवलं तरी आतली तयारी सुरू होते. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या रुग्णालयाने नेमकं हेच केलं: रुग्णवाहिकेतूनच कळवायचं आणि पेशंटला त्याच स्ट्रेचरवरून थेट स्कॅनला न्यायचं. १९९८ साली तिथे दारातून आत आल्यापासून इंजेक्शनपर्यंत १०५ मिनिटं लागत, २०११ पर्यंत वीस झाली.

लक्षणं दहा-पंधरा मिनिटांत आपोआप गेली तर लोक देवाला नारळ फोडतात आणि विषय संपवतात. अशा दहा जणांतल्या साधारण एकाला तीन महिन्यांच्या आत पुरता झटका येतो, आणि त्यातल्या निम्म्यांना पहिल्या दोन दिवसांत. म्हणून बरं वाटलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

हेलसिंकीच्याच डॉक्टरांनी २०१४ साली आणखी एक हिशेब मांडला: इंजेक्शन एक मिनिट आधी मिळालं की पेशंटच्या पदरात सरासरी १.८ दिवस निरोगी आयुष्य जास्त पडतं. आपल्याकडे आधी पुण्याच्या मुलाला फोन लागतो, तो मीटिंगमधून उचलत नाही. मग जावयाला, मग ओळखीच्या डॉक्टरला, मग पैशाची जुळवाजुळव. अर्धा तास सहज जातो. ५४ दिवस. १०८ ला पहिला फोन केला तर बाकीचे सगळे फोन गाडीत बसूनही करता येतात.