तांबे यांच्या कवितेंतील तिन्हीसांजा

प्रीति आणि मरण हे कवींचे फार जुने विषय. बहुतेक काव्यसंग्रहांत ते शेजारीं राहतात, पण त्यांचें जाणेंयेणें नसतें. एका पानावर प्रियेचें कौतुक, तर दुसऱ्यावर स्मशान. भास्कर रामचंद्र तांबे यांच्या कवितेंत मात्र या दोघांचें नातें घरोब्याचें आहे. तें कसें, हें एका साध्या वाचकाच्या नात्यानें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

तांबे मूळचे ग्वाल्हेरकडील मुंगावलीचे. त्यांचें बहुतेक आयुष्य मध्य भारतांतील संस्थानांतून गेलें, आणि १९४१ सालीं ग्वाल्हेरीस त्यांचें देहावसान झालें. माधव जूलियन यांनीं संपादिलेली त्यांची ‘समग्र कविता’ १९३५ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांतील कित्येक कविता आपणांला पुस्तकामुळें नव्हे, तर लता मंगेशकरांच्या स्वरामुळें पाठ आहेत. परंतु गाणें एकटें येतें आणि एकटेंच जातें. पुस्तकांत त्या कवितेला शेजारीण मिळते, आणि दोघींचें बोलणें ऐकूं येऊं लागलें म्हणजे एकटीचा अर्थहि बदलतो.

हें बोलणें प्रामुख्यानें तिन्हीसांजेचें आहे. तिन्हीसांजा म्हणजे आपल्या घरांतील मोठी नाजूक वेळ. देवापाशीं दिवा लागतो, मुलें शुभंकरोति म्हणतात, आणि बाहेर गेलेलें माणूस अद्याप कां आलें नाहीं म्हणून कोणी तरी दारांत येऊन उभें राहतें. ओढ आणि धास्ती यांची ती एकच घटका. तांब्यांनीं तीच आपल्या कवितेसाठीं निवडलेली दिसते. मी पुढें चार कविता ज्या क्रमानें घेतों तो पुस्तकाचा नव्हे, माझ्या वाचनाचा आहे.

पहिल्या कवितेंत तिन्हीसांजेला प्रियकर सखीचा हात हातीं घेऊन तिला वचन देतो. मावळता सूर्य, येणारी रात्र, वारा आणि दाही दिशा हे त्याचे साक्षीदार. दुसरी ‘रिकामे मधुघट’. येथेंहि सांजच आहे. पण आतां सखा मध मागतो आणि देणाऱ्याचे घट सरले आहेत. उरली आहे नैवेद्यापुरती वाटीभर दुधाची शिदोरी, आणि अंगणांत देवपूजेसाठीं राखलेली कोरांटी. तिसऱ्या कवितेंत कवि अस्ताला जाणाऱ्या सूर्याला अर्घ्य देतो, कारण उगवत्याला सारे नमतात आणि मावळत्याकडे सारे पाठ फिरवितात. जो सूर्य पूर्वीं प्रीतीचा साक्षी होता, तोच येथें सोबती झाला आहे. चौथींत काळोख दाटला आहे आणि त्यांत शुक्राची चांदणी चमकते आहे. फूल गळतें तेव्हां फळ धरतें, तेल जळतें तेव्हां ज्योत उजळते, असे रोजच्या पाहण्यांतले दाखले देत कवि खिन्न मनाची समजूत घालतो, आणि पलीकडे आई हात पसरून उभी आहे असें सांगतो.

या चौघींच्या मधोमध ‘नववधू’ उभी आहे. कविता वरवर वाचणाऱ्याला ती सासरीं निघालेल्या मुलीची वाटेल, आणि तसें वाटणें चुकीचेंहि नाहीं. पति आपला प्राणसखा आहे हें तिला ठाऊक आहे. तरी पाऊल पुढें पडतें आणि मागें येतें. येथल्या बागेचा, मळ्याचा लळा सुटत नाहीं. शेवटीं, जेथें जावयाचें तेंच खरें घर, असें ती म्हणते, तेव्हां वाचकाला उमगतें कीं, ही पाठवणी जन्माच्या अखेरची आहे. पंढरीला माहेर म्हणण्याची आपल्या संतांची रीत. माहेरीं जातांना भय नसतें. तांब्यांनीं येथें देवाघराला सासर केलें, म्हणून भीतीला जागा मिळाली, आणि ती लपवावी लागली नाहीं. प्रेम आहे आणि भयहि आहे; पैकीं एकानें दुसऱ्याला खोटें ठरविलें नाहीं, हेंच या कवितेचें मोठेपण.

कोणी म्हणेल, हें सर्व फार गोड आहे. मरण इतकें मऊ नसतें. आक्षेप रास्त आहे. गोविंदाग्रजांच्या ‘प्रेम आणि मरण’ या कवितेंतील झाड विजेवर प्रेम करतें आणि तिच्या स्पर्शानें जळून जातें. तसा दाह तांब्यांच्यापाशीं शोधूं नये. पण त्यांना कठोर सत्य दिसलेंच नाहीं, असेंहि नाहीं. आपण गेल्यावर लोक क्षणभर हळहळतील, सगेसोयरे डोळे पुसून कामाला लागतील, नद्या वाहतील, मेघ पाऊस पाडतील, असें सांगणारी त्यांचीच कविता आहे. तींत तक्रार फार थोडी, आणि शांतींत विरून जाण्याची तयारी अधिक. तीहि ‘नववधू’च्या शेजारीं वाचावी. एकींत हें घर आपल्यावांचून चालणार आहे याची कबुली आहे, दुसरींत तेंच घर सोडतांना दाटून येणारा गळा आहे. दोन्ही खरीं आहेत, आणि एकाच माणसाचीं असूं शकतात.

मला या संग्रहाचें आणखी एक महत्त्व वाटतें. मरणाच्या या कवितांत बोलणारा मागें राहणारा नाहीं. तो जाणारा आहे. आपल्या सुशिक्षित घरांत आजारी वडीलधारें माणूस निरवानिरवीचें कांहीं बोलूं लागलें, कीं आपण घाईनें म्हणतों, “असें अभद्र बोलूं नका, आपणांला कांहींएक होत नाहीं.” आपण तें मायेनेंच म्हणतों, पण त्यायोगें त्या माणसाचें बोलणें तेथेंच खुंटतें, आणि भय त्याच्यापाशीं एकटेंच राहतें. अशा माणसाच्या मनांत काय चाललेलें असेल, तें तांब्यांनीं आपल्याच घरांतल्या शब्दांत सांगून ठेविलें आहे : रिता घट, दुधाची वाटी, सासरची वाट, दारांत उभी असलेली आई. यांतील एकहि शब्द अभद्र नाहीं. मरणाविषयीं बोलण्यास वेगळी भयंकर भाषा लागत नाहीं. ज्या भाषेंत आपण प्रेम केलें तीच पुरते, हें या पुस्तकांतून मला मिळालें. तिन्हीसांजेला घरांतलें जाणतें माणूस बोलूं लागलें, तर दिवा लावून त्याच्यापाशीं बसावें आणि त्याचें सारें ऐकून घ्यावें.