होणाऱ्या बापाची बिडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

होणाऱ्या बापाच्या बिडी-सिगारेटचा परिणाम दोन वाटांनी बाळापर्यंत पोचतो. पहिली वाट गर्भ राहण्याआधीची, पुरुषबीजातून जाणारी. दुसरी गर्भारपणातली, आईच्या श्वासातून जाणारी. "ओढतो मी, तिला काय त्याचं?" या प्रश्नात दोन्ही वाटा विसरल्या जातात.

दुसरी वाट आधी पाहिलेली बरी, कारण रोज डोळ्यांसमोर तीच असते. बिडी ओढणारा माणूस मधूनमधून झुरका घेतो. पेटलेलं टोक मात्र सतत धूर सोडत असतं. बंद खोलीत साचणारा बहुतेक धूर या टोकाचा असतो. तो ना फिल्टरमधून गेलेला असतो, ना कोणाच्या छातीतून. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं आढळतात आणि त्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोगाला कारण ठरतात. गर्भाच्या दृष्टीने त्यातला कार्बन मोनॉक्साइड विशेष घातक असतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडून या वायूला धरून बसतं, आणि बाळाचं हिमोग्लोबिन तर त्याला आईच्या हिमोग्लोबिनपेक्षाही घट्ट धरतं. निकोटिन वारेतून सहज पलीकडे जातं. म्हणजे एका खोलीत बसलेल्या तिघांपैकी ओढतो एक, आणि धूर तिघांच्या रक्तात उतरतो.

याचं मोजमापही झालं आहे. स्वतः न ओढणाऱ्या, पण दुसऱ्याच्या धुरात वावरणाऱ्या गर्भवतींवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बाळाचं वजन सरासरी ३३ ग्रॅमने कमी भरलं आणि कमी वजनाचं बाळ होण्याचा धोका २२ टक्क्यांनी जास्त दिसला. २०११ च्या अशाच आढाव्यात बाळ पोटात दगावण्याचा धोका २३ टक्के, तर जन्मजात व्यंगाचा धोका १३ टक्के अधिक आढळला. ३३ ग्रॅम म्हणजे मूठभर शेंगदाणे, त्याने काय होतं, असं वाटणं साहजिक आहे. पण ही सरासरी आहे; काही बाळांचं वजन मुळीच घटत नाही, काहींचं बरंच घटतं. अडीच किलोच्या खाली भरलेलं बाळ कमी वजनाचं धरलं जातं. आपल्याकडची बरीच बाळं त्या रेषेच्या अगदी जवळ जन्मतात, त्यामुळे थोड्या घटीनेही ती रेषेखाली जातात.

"आमच्या बापानं जन्मभर बिडी ओढली, आम्ही ठणठणीत आहोत" हा युक्तिवाद इथेच लंगडा पडतो. धोका वाढतो म्हणजे प्रत्येक घरात विपरीत घडतं असं नाही. बिनधुराच्या शंभर घरांपेक्षा धुराच्या शंभर घरांत ते जास्त वेळा घडतं. शिवाय असं सांगायला जे उरतात, ते ठणठणीत असलेलेच असतात.

"मी घरात ओढतच नाही, सोप्यात ओढतो, फार तर दारात." ही सबब सर्वांत प्रामाणिक आणि म्हणूनच सर्वांत फसवी. सोप्यातला धूर माजघरात जायला उंबरा ओलांडावा लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यात तर पावसाळ्याचे चार महिने हा प्रश्न आणखी अवघड होतो. लक्ष्मी तलाव भरून राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे उघडू लागतात, त्याच दिवसांत घरांची दारं-खिडक्या मात्र लावलेल्या असतात. बाहेर पाऊस थांबत नाही, चुलीचा धूर आत कोंडतो, ओले कपडे दांडीवर वाळत असतात, आणि त्याच हवेत बिडी पेटते. चुलीच्या धुरानेही गर्भाच्या वाढीवर परिणाम होतो. त्यात बिडीची भर पडते. खिडकी उघडली, पंखा लावला, ओढणारा दुसऱ्या खोलीत गेला, तरी धोका पुरता जात नाही, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाने स्पष्ट केलं. अगदी अंगणात जाऊन ओढणाऱ्यांच्या घरीसुद्धा धूर शिल्लक राहतो. तान्ह्या बाळांच्या घरांवर झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बाहेर ओढणाऱ्या पालकांच्या घरी धुराचा संपर्क बिनधूम्रपानाच्या घरांपेक्षा पाच ते सात पट जास्त निघाला. सदऱ्याला, गोधडीला, मिशीला चिकटलेलं निकोटिन आत येतंच. घरात ओढण्यापेक्षा बाहेर ओढणं नक्कीच बरं, पण ते सोडणं नव्हे.

बिडीविषयीचा समज वेगळा आहे. ती पानाची, देशी, म्हणून सिगारेटपेक्षा साधी मानली जाते. कोल्हापूरहून बेळगावच्या वाटेवरचं निपाणी बिडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध, त्यामुळे या भागात हे पीक आणि हा धंदा परका नाही. आपल्या शिवारातल्या वस्तूबद्दल माणूस जरा मऊ असतो. बिडीत तंबाखू कमी असतो हे खरं. पण टेंभुर्णीचं पान सिगारेटच्या कागदासारखं सहज जळत नाही. बिडी विझू नये म्हणून झुरके लवकर लवकर आणि खोल घ्यावे लागतात. फिल्टर नसतो. परिणामी निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकं किंवा त्याहून जास्तच आत जातं.

आता पहिली वाट. पुरुषबीज तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि पुढे ते पक्व व्हायला आणखी दोनेक आठवडे. आज गर्भ राहिला तर त्यातलं बीज तीन महिन्यांपूर्वी घडायला लागलेलं असतं. ओढणाऱ्या पुरुषांत शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी आढळते, त्यांच्यातल्या डीएनएला इजाही जास्त दिसते. पक्व शुक्राणूला ती इजा दुरुस्त करण्याची सोय जवळपास नसते. म्हणून "पोरगं झालं की सोडतो" हे आश्वासन वर्षभर उशिराचं ठरतं. मूल हवं असं ठरलं की त्याआधी किमान तीन महिने बिडी बंद असावी.

याची उलटी बाजूही ऐकू येते: "आता दिवस गेलेच आहेत, सोडून काय उपयोग?" उपयोग मोठा आहे. बाळाचं बहुतेक वजन शेवटच्या तीन महिन्यांत वाढतं. पाचव्या महिन्यात घरातला धूर थांबला, तरी वजन भरण्याचा काळ अजून पुढेच असतो.

पहिल्या बाळंतपणाला बायको माहेरी जाते, डोहाळजेवण उरकून सातव्या महिन्यात. ती गेली की घर मोकळं, असा एक हिशेब असतो. पण बाळाचं हृदय, मेंदू, हातपाय यांची घडण पहिल्या तीन महिन्यांत, म्हणजे सासरच्याच हवेत झालेली असते. आणि ती परत येते तेव्हा कडेवर तान्हं असतं. झोपेत अचानक दगावणं, छातीचे आणि कानाचे संसर्ग, दमा, हे सगळं धुराच्या घरातल्या बाळांत जास्त दिसतं.

बिडी सुटते आणि तिच्या जागी तंबाखूची चिमूट येते, हेही सर्रास घडतं. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ६ टक्के पुरुष धूम्रपान करणारे, तर ३१.७ टक्के धूररहित तंबाखू खाणारे किंवा लावणारे निघाले. चिमटीला धूर नसतो, हे मान्य. पण निकोटिनची ओढ तशीच राहते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका नव्याने ओढवतो. त्याच सर्वेक्षणात १६.६ टक्के स्त्रियाही धूररहित तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या. आपल्याकडे तो बहुधा मिश्रीच्या रूपात असतो. मुंबईत १,२१७ गर्भवतींवर झालेला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, असा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती. नवरा ओढत असताना बायकोला "मिश्री सोड" म्हणायला तोंड उरत नाही. दोघांनी एका दिवशी सोडलं तर मात्र निभावतं.

सोडण्यातली एक अडचण कुजबुजत सांगितली जाते: सकाळी बिडीशिवाय पोट साफ होत नाही. यात तथ्य आहे. निकोटिन आतड्याला चालना देतं आणि ते बंद झालं की काही दिवस बद्धकोष्ठता जाणवते. दोन-तीन आठवडे भरपूर पाणी, भाकरी-पालेभाजी आणि चालणं यांनी ती सरते. चिडचिड, झोपमोड, चहानंतरची तलफ पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असते आणि महिनाभरात बरीच ओसरते. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तर एक-दोन दिवसांतच खाली येतो.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर कडक बंदी आहे. राहतं घर तिच्यात येत नाही. तिथे कायदा चालतो तो घरच्या माणसांचा. गर्भवती सून सासऱ्याला "मामंजी, बाहेर जाऊन ओढा" असं सांगू शकत नाही. ते मुलानेच सांगायचं असतं, आणि स्वतः सोडल्याशिवाय त्याच्या सांगण्याला वजन येत नाही. बारा आठवड्यांच्या आत सरकारी दवाखान्यात गर्भवतीचं नाव नोंदवायला, तिथल्या दर महिन्याच्या ९ तारखेच्या तपासणीला नवऱ्याने सोबत जावं, आणि घरात कोण ओढतं हे तिथे आपण होऊन सांगावं. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत मिळते. तो शोधत बसावं लागत नाही. पाकिटावरच्या इशाऱ्यातच तो छापलेला असतो.