लुटुपुटीच्या लढाईचा एक दिवस

मैत्रिणींनो, जेवायला बसायच्या वेळी टेबलावर ताटांऐवजी हत्ती उभे असले तर तुम्ही काय कराल? आमच्या घरी हे दर शुक्रवारी घडतं. बोटाच्या पेरापेक्षाही लहान असे धातूचे रंगवलेले सैनिक, त्यांचे घोडे, हिरवं कापड, निळ्या फितीची नदी, आणि त्या पसाऱ्यावर वाकलेले आमचे हे आणि चिरंजीव. "अहो, आमटी निवतेय," म्हटलं की आतून उत्तर येतं, "एवढा पोरस हरला की उठलोच!"

आम्ही इंग्लंडातल्या एका लहान गावात राहतो. इथे हा छंद पुष्कळांना आहे. पहिली काही वर्षं मी नुसती चिडत असे. पुढे अशी वेळ आली की ह्या खेळाची एक दिवसाची स्पर्धा मलाच भरवावी लागली! ती कशी भरवली, काय चुकलं नि काय साधलं ते आज तुम्हांला सांगते. तुमच्या गावी हा खेळ नसेलही; पण कॅरमची असो, बुद्धिबळाची असो, की दिवाळीच्या किल्ल्यांची, स्पर्धा भरवणारीला ह्यातलं बरंच उपयोगी पडेल.

खेळ आहे तरी काय?

आपली मुलं दिवाळीत किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, मातीचे मावळे मांडतात. आता अशी कल्पना करा की ते मावळे नुसते उभे न राहता नियमांनी चालायला, लढायला लागले. झाला हा खेळ! १९१३ साली एच. जी. वेल्स ह्या इंग्रज लेखकाने 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहून तो घरोघरी नेला. त्यांचे सैनिक स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफांनी पाडायचे असत. पुस्तकाच्या लांबलचक नावात त्यांनी बारा वर्षांपासून दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलग्यांना बोलावलंय, आणि मुलींपैकी फक्त जरा जास्त हुशार असतील त्यांना! वाचून मला हसू आलं नि थोडा रागही आला.

प्राचीन काळातल्या लढाया, म्हणजे ग्रीक, रोमन, इराणी, आपले मौर्य, ह्यांचा खेळ खेळणारे वेगळे. त्यांची 'सोसायटी ऑफ एन्शंट्स' ही संस्था इंग्लंडात १९६५ पासून आहे. आमच्या घरी जे नियम चालतात त्यांना थोडक्यात 'डीबीए' म्हणतात. फिल बार्कर आणि रिचर्ड बॉडली स्कॉट ह्यांनी ते १९९० साली काढले. त्यांत प्रत्येकाच्या फक्त बारा तुकड्या. एकेका पट्टीवर दोन-तीन-चार सैनिक चिकटवलेले, म्हणजे सगळं सैन्य साधारण चाळिसाच्या घरात. एका डब्यात मावतं. पट दोन फूट लांब, दोन फूट रुंद. आपली पाळी आली की फासा टाकायचा; जितके पडतील तितक्या हालचाली. समोरासमोर आलं की दोघांनी फासे टाकून आपापल्या तुकडीचं बळ त्यात मिळवायचं. कमी पडलेली तुकडी मागे हटते. दुप्पट फरक पडला तर पटावरून जाते. चार तुकड्या गमावल्या आणि समोरच्याच्या त्याहून कमी गेल्या असल्या, की डाव संपला. तासाभरात निकाल! एका दिवसाच्या स्पर्धेला हे नियम म्हणूनच सोयीचे.

एक वाईट शनिवार

२०२२ सालच्या उन्हाळ्यात हे दोघे दुसऱ्या एका गावी स्पर्धेला गेले; मीही डबा घेऊन बरोबर. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा. नव्या शाळेत वर्ष होत आलं तरी त्याच्या तोंडी एकाही मित्राचं नाव ऐकलं नव्हतं. सैन्य मात्र त्याने दोन महिने खपून रंगवलेलं.

स्पर्धा सुरूच झाली तासभर उशिरा. मग नियमांवरून दोन मोठ्या माणसांचं भांडण. खाण्यापिण्याची काही सोय नाही. आणि खेळाडूंची संख्या विषम! तिसऱ्या फेरीला ह्याला जोडीदारच नाही. कागदावर 'न खेळता विजय' असं लिहून मोकळे झाले. पोरगा भिंतीशी खुर्चीवर मांडीवर डबा घेऊन पाऊण तास बसून राहिला. कोणी त्याच्याशी दोन शब्द बोललं नाही. घरी आल्यावर डबा पलंगाखाली गेला. "आई, मी परत नाही येणार," एवढंच म्हणाला.

मला त्या रात्री झोप आली नाही. आपल्याकडे हळदीकुंकवाला चाळीस बायका येतात. त्यांतली एखादी नवी सून कोपऱ्यात एकटी बसलेली दिसली की आपण हातातलं तबक ठेवून तिच्याकडे जातोच ना? ह्या पुरुषांना एवढं साधं का दिसू नये? सकाळी मी ह्यांना म्हटलं, "आपणच भरवू या स्पर्धा. नियम तुम्ही बघा, माणसं मी बघते."

२०२३ च्या ऑक्टोबरातला एक शनिवार धरून गावातला हॉल घेतला.

आधी कागदावर

पहिलं काम माणसांची संख्या ठरवण्याचं. आम्ही बारा धरली. बारांना सहा पट लागतात. एका लांब टेबलावर एकच पट मांडा. कोपराला जागा हवी, फासे टाकायला हवी. दोन टेबलांमधून खुर्ची सरकवून माणूस जाईल एवढं अंतर सोडा.

बाद पद्धत मुळीच नको! सकाळी हरलेल्याने दिवसभर काय करायचं? बुद्धिबळातली स्विस पद्धत घ्या. प्रत्येकजण सगळ्या फेऱ्या खेळतो. दर फेरीला सारख्या गुणांच्या माणसांची गाठ घालायची, आणि एकदा पडलेली गाठ पुन्हा घालायची नाही. सोळापर्यंत माणसांना चार फेऱ्या पुरतात, कारण सोळाचे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. गुण सोपे ठेवा: जिंकल्यास तीन, बरोबरीला एक. गुण सारखे झाले तर समोरच्याच्या तुकड्या कोणी जास्त घेतल्या ते पाहा.

पहिल्या फेरीच्या जोड्या बहुतेक ठिकाणी चिठ्ठ्या टाकून लावतात. मी नाही लावल्या. नवख्यांची गाठ मुद्दाम शांत स्वभावाच्या, समजावून सांगणाऱ्या माणसांशी घातली. एकाच घरातले, एकाच मंडळातले समोरासमोर येणार नाहीत हेही पाहिलं.

आमंत्रणात तीन गोष्टी स्वच्छ लिहा. नियमांची कुठली आवृत्ती, २०१४ ची तिसरी की त्याआधीची. कारण दोन्ही खेळणारे आहेत आणि भांडणं तिथूनच निघतात. वेळ. आणि खाण्याचं काही पथ्य आहे का.

आमचं वेळापत्रक

९.०० हॉल उघडणे, टेबलं मांडणे
९.३० चहा, नावनोंदणी
१०.०० पहिली फेरी
११.१५ दुसरी फेरी
१२.१५ जेवण, रंगवलेल्या सैन्यांचं प्रदर्शन
१.१५ तिसरी फेरी
२.३० चौथी फेरी
३.४५ बक्षिसं
४.१५ आवराआवर

प्रत्येक फेरी बरोबर तासाची. स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ नेलं होतं. संपायला दहा मिनिटं असताना एकदा वाजवायचं, संपलं की दुसऱ्यांदा. घड्याळाशी कोणी भांडत नाही, हा त्याचा मोठा गुण!

पट घरच्या घरी

हिरवी जाड चादर दोन-दोन फुटांची कापून घ्या. टेकड्या थर्मोकोलच्या; कडा उतरत्या कापून वर हिरवा रंग. झाडांना भांडी घासायचा जुना हिरवा काथ्या आणि टाचणी, नदीला निळी फीत. एक सूचना मात्र विसरू नका. जुने सैनिक बहुधा शिसं असलेल्या धातूचे असतात. ते कानस लावून घासले असतील तर टेबल ओल्या फडक्याने पुसा, आणि मुलांना हात धुतल्याशिवाय खायला देऊ नका.

चहा पटापासून दूर

खाण्याचं टेबल वेगळं, आणि पटावर कप आणायचा नाही, हा पहिला नियम. चादरीवर सांडलेला चहा एक वेळ निघेल, महिनाभर खपून रंगवलेल्या घोड्यावरचा निघत नाही. तेलकट, हळदीचं काही खेळताना नको. मी फेऱ्यांच्या मधे शंकरपाळे आणि चटणी सँडविच ठेवले. बटाटेवडे फक्त जेवणाला, आणि शेजारी कागदी रुमालांची चवड. चिवडा केला तो दाण्यांशिवाय. इथे शेंगदाण्यांची ॲलर्जी असलेली माणसं बरीच भेटतात, आणि ते दुखणं जिवावर बेतू शकतं. म्हणून प्रत्येक पदार्थापुढे त्यात काय आहे ते लिहिलेली चिठ्ठी होती.

तंटा झाला तर

न खेळणारा एक पंच हवाच. आमच्याकडे हे होते. वाद दोन मिनिटांत मिटला नाही तर पंचाने फासा टाकायचा आणि डाव पुढे न्यायचा. पुस्तक काढून खल करायचा तो जेवणाच्या सुट्टीत. दिवसभरात तीनदा फासा टाकावा लागला. नंतर पुस्तक पाहिलं तर दोनदा निर्णय चुकलेला निघाला, पण तोवर दोन्ही पक्ष एकाच ताटलीतले वडे खात होते.

विषम संख्या

आता माझ्या मनातली खरी गोष्ट. कोणीतरी ऐन वेळी येणार नाही हे धरूनच चाला. जास्तीचं एक सैन्य आणि ते चालवणारं एक माणूस तयार ठेवा. हे माणूस मी व्हायचं ठरवलं. सैन्य कोणतं? पोरसाचं! इसवी सनापूर्वी ३२६ साली झेलमच्या काठी अलेक्झांडरशी लढलेलं. हत्ती, रथ, धनुर्धारी.

आधी वाटलं, आपल्याला काय जमणार. मग आठवलं, भारतातली महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ साली मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी जिंकली, आणि पुढे जयश्री नि रोहिणी ह्या त्यांच्या बहिणीही विजेत्या झाल्या. एका घरातल्या तिघी! तेव्हा चार हत्ती हलवायला काय हरकत आहे? शिकवायला मास्तर घरातच होते. मी चिरंजीवांनाच विचारलं. पलंगाखालचा डबा त्या रात्री बाहेर आला. तीन आठवडे तो मला रोज शिकवत होता. "आई, हत्ती हलक्या भालेवाल्यांपुढे नेऊ नकोस ग! त्यांनी हरवलं तर हत्ती सरळ गेलाच." झेलमकाठीही अलेक्झांडरच्या भालेवाल्यांनी माहुतांना नि हत्तींना असंच बेजार केलं होतं, हे त्याने पुस्तक काढून दाखवलं. वर्षभरात आमच्यात एवढं बोलणं झालं नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी पावणेदहाला फोन आला. एक गृहस्थ तापाने आडवे. बाराचे अकरा! मी पदर खोचला आणि पटावर गेले. मग चहाचं काय? चहा ह्यांनी केला. पहिल्या फेरीनंतरचा फार पातळ होता, दुसऱ्या फेरीपर्यंत सुधारला.

मी चारही डाव हरले. हत्ती भालेवाल्यांपुढे नेऊ नको म्हणून इतकं घोकलं होतं, तरी नेलेच! पण चौथ्या डावात रोमनांच्या तीन तुकड्या घेतल्या, आणि त्या कोणत्या हे मी तुम्हांला झोपेतही सांगेन. मुलगा पहिले दोन हरला. दुसऱ्या फेरीतल्या आजोबांनी डाव संपल्यावर सगळे सैनिक पुन्हा मांडून त्याला कुठे चुकलं ते दाखवलं. तिसरा डाव तो जिंकला. चौथा बरोबरीत सुटला, त्याच्याच वयाच्या, शेजारच्या गावच्या एका मुलाशी. घड्याळ वाजलं तरी दोघे उठेनात.

बक्षिसं

पहिल्या क्रमांकाला एक बक्षीस पुरे. बाकीची दुसऱ्या गुणांना द्या. सर्वांत सुंदर रंगवलेलं सैन्य सर्वांच्या मतांनी निवडा. आणि प्रत्येकाने गुप्तपणे लिहून द्यायचं, 'पुन्हा कोणाशी खेळायला आवडेल?' सर्वांत जास्त नावं ज्याची येतील त्याला मानाचं बक्षीस. ते त्या आजोबांना मिळालं.

शेवटच्या क्रमांकालाही इकडे एक बक्षीस असतं: लाकडी चमचा! केंब्रिज विद्यापीठात गणिताच्या पदवी परीक्षेत उत्तीर्णांमध्ये तळाशी येणाऱ्याला विद्यार्थी लाकडी चमचा देत. १९०९ पर्यंत ही पद्धत होती. आधी मला हे क्रूर वाटलं होतं. एखाद्या मुलाच्या वाट्याला आलं तर? पण तळाला कोण आहे हे त्या दिवशी सगळ्यांना ठाऊक होतं. चिरंजीवांनीच तो माझ्या हातात ठेवला आणि हॉलमधल्या सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. डाव हरला, पण लाकडी डाव मिळाला. आता साबुदाण्याची खिचडी मी त्यानेच परतते.

पुढच्या रविवारी दुपारी दारावरची घंटा वाजली. शेजारच्या गावचा तो मुलगा, सायकलवर, पाठीला सैन्याचा डबा. "बरोबरी सोडवायची आहे," म्हणाला. मी टेबल पुसून दिलं, आणि जेवणं त्या दिवशी ओट्याजवळ उभ्याने झाली.

स्पर्धा तेव्हापासून दर वर्षी होते. यंदा नावं चौदा आली आहेत. टेबलं सात लागतील, आणि जास्तीचं सैन्य घेऊन मी तयार आहेच.