खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय : आधी वीज बंद, मग हात पाण्यात

समुद्रातील रंगीत मासे पाहायचे तर एके काळी मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाची वाट धरावी लागे. आता हीच शोभा अनेक घरांच्या बैठकीत आली आहे. मात्र या हौसेत मीठ आणि वीज शेजारी-शेजारी नांदतात, याचा विसर पडता कामा नये.

अशा टाकीत एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे हे पाणी नळाच्या पाण्यापेक्षा साधारण शंभरपट सहज वीज वाहून नेते. हीटरची काच तडकली किंवा पंपाचे आवरण झिजले, की २३० व्होल्टची वीज पाण्यात उतरू शकते.

मासे खुशाल, तरी धोका

‘मासे मजेत आहेत, म्हणजे पाण्यात वीज नाही,’ हा समज घातक आहे. काचेतून वीज जात नाही. तिला जमिनीकडे वाट मिळत नाही, तोवर माशांना सहसा काही होत नाही. अनवाणी उभ्या माणसाने पाण्यात हात घातला, की ती वाट त्याच्या शरीरातून तयार होते.

एमसीबी पुरेसा नाही

एमसीबी वायरींचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. १६ अँपिअरचा एमसीबी मोठ्या प्रवाहालाच पडतो; माणसाचा जीव मात्र अँपिअरच्या दहाव्या भागानेही जाऊ शकतो. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. गेलेली वीज पुरती परत आली नाही, की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्याचे ‘टेस्ट’चे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. अर्थात चांगले अर्थिंगही हवेच.

रात्री आरसीसीबी पडला, पंप थांबले आणि मासे मेले, म्हणून काही जण तो काढूनच टाकतात. हे चूक आहे. उपकरणे दोन वेगळ्या आरसीसीबींवर विभागावीत आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जोडून ठेवावा.

एवढे पाळा

• पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व प्लग काढा. हात व पाय कोरडे ठेवा.
• पाणी बदलण्याआधी पंधरा मिनिटे हीटर बंद करा. गरम हीटर उघडा पडला, तर काच तडकते.
• प्लगचा बोर्ड टाकीखाली नको. वायर प्लगपेक्षा खाली लोंबू द्या, म्हणजे ओघळणारे थेंब प्लगात न शिरता खालीच गळतील.
• वायरींवर चढणारी मिठाची पांढरी पुटे वीज बंद करून पुसा. पावसाळी दमटपणात त्यांतूनही वीज वाहते.
• कुणाला झटका बसलाच, तर त्याला हात न लावता प्रथम मेन स्विच बंद करा.

टाकीवर हजारो रुपये खर्च होतात. त्यात आरसीसीबीचा खर्च अगदी थोडा, पण टाकीत पाणी भरण्याआधी करायचा तो हाच.