डायनॅमो गेला, अल्टरनेटर आला

आषाढातली संध्याकाळ आहे. बोईसरहून चिल्हारच्या रस्त्याने महामार्गाकडे निघालेली एक जुनी फियाट वाहनांच्या रांगेत मुंगीच्या पावलांनी सरकते आहे. दिवे लागले आहेत, वायपर चालू आहे. थोड्या वेळाने दिवे पिवळट पडू लागतात. इंजिन तर चालू आहे! मग वीज कमी का पडली?

हिशेब करून पाहू. पुढचे दोन दिवे प्रत्येकी ४५ वॉटचे. मागचे दिवे, वायपर आणि इंजिनातली ठिणगी मिळून आणखी ८० वॉट धरा. एकूण १७० वॉट. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे प्रवाह झाला सुमारे १४ अँपिअर. जुन्या गाडीतल्या डायनॅमोचा दाब इंजिन मंद असताना बॅटरीपेक्षाही कमी असतो. बॅटरीतली वीज उलटी डायनॅमोत शिरू नये म्हणून कटआउट नावाचे चुंबकी बटण त्याला वेगळे करते आणि सगळा भार एकट्या बॅटरीवर येतो.

मग लहान पुली लावून डायनॅमोच जोरात का फिरवू नये? कारण त्यात वीज निर्माण करणारे जड वेटोळेच फिरते. वेग अति झाला तर ते बाहेर फेकले जाऊ पाहते. शिवाय सगळा प्रवाह कार्बनच्या ब्रशांतून काढायचा, तेथे ठिणग्या उडतात.

अल्टरनेटरची मांडणी नेमकी उलटी. फिरते ते विद्युतचुंबक. वीज मिळते ती भोवतालच्या स्थिर वेटोळ्यांतून. ब्रशांतून जातो तो केवळ चुंबकापुरता तीन-चार अँपिअर प्रवाह. म्हणून तो इंजिनाच्या दुपटीहून अधिक वेगाने फिरवता येतो आणि मंद इंजिनावरही वीज देतो. १९६९ साली तारापूरच्या अणुवीज केंद्रातून वीज मिळू लागली, तेथल्या अजस्र जनित्रांतही चुंबकच फिरते, बरे का!

मोटारीला ही युक्ती उशिरा लाभली, कारण अल्टरनेटरचा प्रवाह सतत दिशा बदलतो आणि बॅटरीला एकाच दिशेचा लागतो. सिलिकॉनचे चिमुकले डायोड निघाले तेव्हा अडचण सुटली. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर बसवला. डायोड प्रवाहाला परत फिरू देत नाहीत, त्यामुळे कटआउटही नको.

जुन्या गाडीत हा बदल करताना पुष्कळजण तार जुनीच ठेवतात. खरा धोका तेथे आहे. ती सुमारे २० अँपिअरसाठी असते. उतरलेली बॅटरी भरताना अल्टरनेटर ४० देऊ शकतो. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, तारेवरचे आवरण वितळते. जाड तार हवीच. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. तेही पाहून घ्यावे, नाहीतर डायोड क्षणात जळतात. चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून पाहण्याची खोडही सोडावी. त्या झटक्यानेही डायोड जातात.

तपासायला व्होल्टमीटर पुरतो. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर सुमारे १४ व्होल्ट दिसले आणि दिवे, वायपर लावूनही काटा फारसा ढळला नाही, की जोडणी बरोबर झाली.