माळ्यावरील उदमांजर व आपण

कोंकणांतील कौलारू घरांत राहणाऱ्यांस माळ्यावरील रात्रींची धावपळ नवी नाहीं. पुष्कळदां ती उंदरांची नसून उदमांजराची असते. यासच कांडेचोर असेंही म्हणतात. मांजराएवढ्या अंगाचें, करड्या-काळ्या रंगाचें व लांब शेपटीचें हें जनावर दिवसा झोपतें आणि रात्रीं फळें, किडे व उंदीर खात हिंडतें.

त्यापासून नुकसान होतें हें खरें. पिकलेले आंबे, चिकू, केळीं व पपया तें खातें; खुराडें उघडें राहिल्यास कोंबडीही नेतें. परंतु तेंच उंदीरही मारतें. आणि त्याच्या विष्ठेंतून पडलेल्या अखंड बियांपासून भेरली माडासारखीं झाडें रानांत पसरतात. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वयें त्यास परवानगीवांचून मारणें अथवा पकडणें हा गुन्हा आहे. विष घातल्यास घरचें कुत्रें दगावण्याची भीति असते, तें निराळेंच.

मग उपाय कोणता? त्रासलेला मनुष्य प्रथम कौलांखालचें भोंक बुजवितो. दिवसा बुजविल्यास जनावर आंतच कोंडलें जातें. म्हणून मीं एकदां मादी बाहेर गेल्यावर रात्रीं तें बुजविलें. पण पिलें आंत होतीं. मादीनें रात्रभर कौलें उचकटलीं, पिलें मेलीं, आणि दुर्गंधीनें आठ दिवस माळ्याखालीं बसवेना. दोष माझ्या घाईचा होता.

यास्तव पुढील क्रम ठेवावा. प्रथम माळ्यावर पिलांचा आवाज येतो काय, हें कांहीं दिवस ऐकावें. पिलें असल्यास तीं आईमागें हिंडूं लागेपर्यंत धीर धरावा. नंतर वाटेवर राख पसरावी. बाहेर जाणारीं पावलें उमटलीं म्हणजे रात्रींच पत्रा किंवा मजबूत जाळी ठोकावी. छपरावर टेकलेल्या फांद्या छाटाव्या, पडलेलीं फळें रोज उचलावीं, घडांस गोणपाट बांधावें व खुराड्यास बारीक जाळी लावून तें सांजवेळीं बंद करावें. खावयास व निजावयास न मिळाल्यास जनावर आपणच दुसरीकडे जातें.

त्यास हातानें धरूं नये. चावल्यास जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवून तत्काळ दवाखान्यांत जाऊन रेबीजची लस घ्यावी.

घर आपलें आहे, हें खरें. पण त्याचें दार आपणच उघडें ठेविलें, हेंही विसरूं नये.